शेवटच्या डब्यामागचं इंजिन

गेल्या रविवारी पळसदरीला गेलो होतो. आईला बरेच दिवस स्वामी समर्थांच्या मठात जायचं होतं, आणि मलाही लॅपटॉपपासून एक दिवस सुट्टी हवी होती. कर्जतला गाडी बदलून खोपोली लोकल पकडली, दर्शन झालं, परत स्टेशनवर आलो. लोकलला बराच वेळ होता. आई बाकावर शेजारच्या बाईंशी गप्पांत रंगली आणि मी समोरच्या डोंगरांकडे बघत शुक्रवारी ऑफिसात झालेल्या वादाची उरलेली उत्तरं मनातल्या मनात देत बसलो. (वादात सुचायला हवी ती उत्तरं नेहमी रविवारीच का सुचतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

वाद तसा साधाच. टीममधल्या एका मुलानं आमच्या ॲप्लिकेशनमधला एकूण एक पॉपअप, मेनू, टूलटिप उचलून पोर्टलमध्ये टाकला होता. चौदा ठिकाणी. मी रिव्ह्यूमध्ये विचारलं, "अरे, हे सगळं पोर्टलमध्ये कशासाठी?" त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, "मागच्या प्रोजेक्टमध्ये तूच तर शिकवलं होतंस."

आता बोला! मुलगा खोटं बोलत नव्हता. शिकवलं मीच होतं.

तेवढ्यात पुण्याकडे जाणारी एक एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. पळसदरीला या गाड्या थांबत नाहीत. डबे मोजायची लहानपणीची सवय, त्यामुळे मोजत होतो. शेवटचा डबा गेला आणि त्याच्या मागून आणखी इंजिनं गेली. बँकर! कर्जतला गाडी थांबते तेव्हा ही दोन किंवा तीन इंजिनं मागच्या बाजूला जोडतात. पुढे बोरघाट. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. एवढी लांब गाडी फक्त पुढून ओढायची तर सगळा ताण पुढच्या जोडण्यांवर येणार. म्हणून मागून ढकलायचं. लोणावळ्याला घाट संपला की बँकर सुटतात.

आणि मला माझं रविवारचं उत्तर सापडलं. मागचं इंजिन उभं असतं गाडीच्या पार शेवटी, पण गाडी कधी सुटणार, कधी थांबणार हे ठरतं पुढे. त्याची जागा एकीकडे आणि त्याचं नातं दुसरीकडे. पोर्टल म्हणजे नेमकं हेच.

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. (धंद्यातल्यांनी पुढचे तीन परिच्छेद चहा आणायला वापरावेत.)

वेबपेज म्हणजे एकात एक ठेवलेल्या डब्यांचा ढीग. पानात रकाना, रकान्यात कार्ड, कार्डात यादी, यादीत ओळ, ओळीत एक चिमुकलं बटण. आता त्या बटणावर क्लिक केल्यावर "खात्री आहे का?" असं विचारणारी खिडकी उघडायची आहे. कोड लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं ती खिडकी त्या बटणाचीच. म्हणून तो ती बटणाशेजारीच लिहितो. पण डबे आडवे येतात. बाहेरच्या एखाद्या डब्याला "माझ्या कडेबाहेर काही दिसता कामा नये" असा हुकूम असतो, त्याला ओव्हरफ्लो हिडन म्हणतात. मग आपली खिडकी अर्धी कापली जाते.

कापली गेली नाही तर दुसऱ्या कशाच्या तरी खाली जाते. मग नवशिका माणूस झेड-इंडेक्स वाढवत सुटतो. ९९, ९९९, ९९९९... मी एका कोडबेसमध्ये २१४७४८३६४७ पाहिला आहे. त्याच्या वर आकडाच जात नाही म्हणून थांबला होता बिचारा. पण उपयोग शून्य, कारण झेड-इंडेक्सची मोजणी आपापल्या मजल्यापुरतीच असते. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही कितीही उंच स्टुलावर चढा, तिसऱ्या मजल्यावर फरशीवर मांडी घालून बसलेला माणूस तुमच्या वरच असणार. आणि असा नवा मजला तयार व्हायला फारसं काही लागत नाही. कोणीतरी कार्डाला जरा पारदर्शकता दिली, ट्रान्सफॉर्म लावून हललेलं दाखवलं, की झाला मजला. ट्रान्सफॉर्म लावलेल्या डब्यात तर "स्क्रीनला चिकटून राहा" म्हणून सांगितलेली पोझिशन फिक्स्ड वस्तूसुद्धा स्क्रीनऐवजी त्या डब्यालाच चिकटते.

यावर जुना उपाय एकच. खिडकी तिथून उचलायची आणि पानाच्या अगदी शेवटी, सगळ्या डब्यांच्या बाहेर नेऊन ठेवायची. जेक्वेरीच्या काळातले डायलॉगही हेच करायचे. अडचण अशी की उचलून नेलेल्या खिडकीचं मूळ बटणाशी नातं तुटायचं, मग ते हातानं सांधत बसावं लागे. सप्टेंबर २०१७ मध्ये रिॲक्ट १६ आलं आणि त्यात क्रिएटपोर्टल आलं. खिडकी ब्राउझरच्या झाडात कुठेही लटकवा, रिॲक्टच्या झाडात ती जिथे लिहिली तिथलीच राहणार. वरून येणारी माहिती, म्हणजे कोण लॉग-इन आहे, कुठली भाषा निवडली आहे, हे सगळं तिला मिळत राहणार. २०२० साली व्ह्यू ३ मध्ये हीच सोय टेलिपोर्ट नावानं आली. अँग्युलरच्या सीडीकेमध्येही पोर्टल आहे. सगळ्यांना एकच ठणका होता म्हटल्यावर औषधही सारखंच असणार.

मी तेव्हा पोर्टलच्या प्रेमात पडलो होतो हे कबूल करतो. टीममध्ये पाठ घेतला, स्लाइड्स केल्या, आणि शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरात लिहिलं: "वर तरंगणारं काहीही असो, पोर्टलमध्ये टाका." चौदा ठिकाणांचं पाप तिथून सुरू होतं.

आता ज्यानं मला या प्रेमातून बाहेर काढलं तो प्रसंग सांगतो.

२०१९ सालची गोष्ट. एका शिक्षणसंस्थेसाठी आम्ही ऑनलाइन प्रवेशअर्ज बनवला होता. अर्ज मराठीत, बाकी सगळी चौकट इंग्रजीत. शेवटची तारीख. संध्याकाळी पाचला अर्ज बंद होणार होता आणि चारच्या सुमारास सपोर्टच्या मॅडमनी एक फोन माझ्याकडे दिला. पलीकडे एक मुलगा होता.

"सर, 'अर्ज सादर करा' दाबलं की काहीच होत नाही. मी तीन वेळा दाबलं."

मी माझ्या मशीनवर करून पाहिलं. चालत होतं. म्हटलं, "खिडकी उघडतेय ना? त्यात 'हो, सादर करा' दाब."

थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "कुठली खिडकी?"

मी जरा वैतागूनच म्हणालो, "अरे, समोर मधोमध दिसतेय बघ पांढरी." आणि त्यानं अगदी शांतपणे सांगितलं, "सर, मला दिसत नाही. मी स्क्रीन रीडर वापरतो."

तो क्षण आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

काय झालं होतं ते सांगतो. डोळ्यांना ती खिडकी बटणाच्या वर, स्क्रीनच्या मध्यभागी दिसत होती. पण ब्राउझरच्या झाडात ती होती पार तळाशी, फूटरच्याही नंतर. स्क्रीन रीडर चालतो ब्राउझरच्या झाडावरून. टॅबची कळसुद्धा तशीच चालते, गाडीत डब्याडब्यातून चालत जाणाऱ्या माणसासारखी. मागच्या इंजिनापर्यंत पोचायचं तर सगळी गाडी ओलांडायला हवी. आम्ही खिडकी उघडताना फोकस तिच्यात नेलाच नव्हता. त्यामुळे मुलाच्या लेखी बटण दाबल्यावर खरोखरच काही होत नव्हतं. सगळं जग जागच्या जागी आणि शांत.

मी त्याला म्हटलं, कंट्रोल आणि एन्ड दाबून पानाच्या शेवटी जा. गेला. "आता काहीतरी वाचतोय, पण कळत नाही. इंग्रजी आवाजात भलतंच पुटपुटतोय."

ही दुसरी चूक. मराठी अर्जाच्या डब्याला आम्ही "यातली भाषा मराठी" अशी खूण, म्हणजे लँग, व्यवस्थित लावली होती. पण ती खूण डब्याला होती. खिडकी डब्याबाहेर गेली आणि खूण मागे राहिली. पूर्ण पानाची भाषा इंग्रजी असल्यामुळे स्क्रीन रीडरनं इमानेइतबारे इंग्रजी आवाज लावला आणि देवनागरी मजकुराची वाट लावली.

"सर, दोन बटणं आहेत. पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

त्यानं दाबलं. अर्ज गेला. पाचला वीस मिनिटं होती. तो "थँक्यू सर" म्हणाला, आणि मला कोणी थोबाडीत मारली असती तर कमी लागलं असतं. एका वर्षाचा प्रवेश 'पहिलं की दुसरं' वर येऊन ठेपला होता, आणि त्याला फोन लागला म्हणून तो वाचला. ज्यांना लागला नाही असे किती असतील हे मला कधीच कळणार नाही. असे लोक आकड्यांत दिसत नाहीत. "अर्ज अपूर्ण" या रकान्यात ते गपचूप जाऊन बसतात.

तर सांगायचा मुद्दा असा. एखादी वस्तू कुठे दिसते आणि ती कोणाची आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पोर्टल त्यांना वेगळं करतं म्हणून ते आवडतं. पण "कोणाची" या प्रश्नाची उत्तरंही दोन असतात, रिॲक्टच्या दृष्टीनं एक आणि ब्राउझरच्या दृष्टीनं दुसरं, आणि पोर्टल त्यातलं फक्त पहिलं सांभाळतं. रिॲक्टकडून येणारा वारसा मिळतो. ब्राउझरकडून येणारा, म्हणजे भाषा, फाँट, रंगांची थीम, ओळींमधलं अंतर, टॅबचा क्रम, हा सगळा मूळ घरीच राहतो. वस्तू नेसत्या कपड्यांनीही जात नाही, तिथे जे मिळतील ते कपडे घालते.

मराठीत काम करणाऱ्यांना हे इतरांपेक्षा जास्त जाचतं. इंग्रजीत ओळींमधलं अंतर थोडं कमी पडलं तर अक्षरं दाटीवाटीनं बसतात, एवढंच. देवनागरीत वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत घुसतात, किंवा चक्क छाटले जातात. आणखी एक गंमत म्हणजे 'ल' आणि 'श'. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा असतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कुठलं दाखवायचं हे लँगच्या खुणेवरून ठरतं. त्यामुळे पानावर मराठी ल आणि पोर्टलमधल्या खिडकीत हिंदी ल, असा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. क्लायंटकडच्या एका चोखंदळ बाईंनी "तुमचा ल मध्येच का बदलतो?" असं विचारलं तेव्हा आमच्या टेस्टरनं तो बग "पुन्हा घडवता येत नाही" म्हणून बंद केला होता. त्याला फरकच दिसत नव्हता. :-)

तिसरी भानगड क्लिकची, आणि ही बरोबर उलट्या दिशेनं चावते. पोर्टलमधल्या क्लिकची बातमी रिॲक्टच्या झाडानं वर जाते. समजा, यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की तपशिलाचं पान उघडतं. त्याच ओळीत 'रद्द करा'चं बटण आहे आणि त्याची खिडकी पोर्टलमधून पानाच्या शेवटी गेली आहे. तुम्ही खिडकीत "नको, राहू दे" दाबता. खिडकी बंद होते, आणि तो क्लिक वर चढत चढत ओळीपर्यंत जातो. ओळीला वाटतं, आपल्यावरच क्लिक झालं. धाडकन दुसरंच पान उघडतं. वापरणारा माणूस चक्रावतो, कारण त्याच्या डोळ्यांदेखत त्यानं त्या ओळीला हातही लावलेला नसतो. मागच्या इंजिनात कोणी खाकरलं आणि गाडी पुढून सुटली, तसलं काहीतरी.

हे सगळं सांगितल्यावर माझा तो सहकारी म्हणेल (त्यानं शुक्रवारी हेच म्हटलं), "मग काय, पुन्हा झेड-इंडेक्सची मारामारी करायची?"

नाही. आणि इथेच मला पळसदरीची दुसरी गोष्ट सांगायची आहे.

आज खोपोली लाईन म्हणजे एक छोटी शाखा. कर्जत, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, संपलं. पण मूळ क्रम उलटा आहे. जीआयपी रेल्वेची गाडी खोपोलीला पोचली १८५६ साली. पलीकडे खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला १८५८ साली. मधला घाट बाकी होता. बोरघाटातला लोहमार्ग सुरू व्हायला १८६३ उजाडलं. म्हणजे मधली पाच वर्षं मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला उतरायचा, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीनं घाट चढायचा, आणि वर खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. १८६३ नंतर मुख्य रस्ता पळसदरीहून थेट घाटात चढला आणि खोपोली बाजूला पडली.

त्या पाच वर्षांत पालखीत बसणाऱ्याला कोणी वेडा म्हणणार नाही. रूळच नव्हते तर करणार काय? पण १८६३ नंतरही खोपोलीला उतरून कोणी "पुण्याला जायचं तर पालखीच बरी, आमच्याकडे असंच शिकवतात" म्हणू लागला असता तर? माझ्या त्या शेवटच्या स्लाइडची आज तीच अवस्था आहे.

कारण वेबवर मधल्या काळात घाटाचे रूळ पडले. एचटीएमएलमध्ये डायलॉग नावाचा टॅग आहे. क्रोममध्ये तो २०१४ पासून होता, पण फायरफॉक्स आणि सफारीनं लावला उशीर, त्यामुळे भरवसा ठेवता येत नव्हता. मार्च २०२२ मध्ये फायरफॉक्स ९८ आणि सफारी १५.४ आले आणि तो प्रश्न मिटला. लहानसहान मेनू आणि टूलटिपांसाठी पॉपओव्हर आला. क्रोममध्ये मे २०२३, सफारीत सप्टेंबर २०२३, फायरफॉक्समध्ये एप्रिल २०२४.

या दोघांची युक्ती अशी की वस्तू जागची हलवायचीच नाही. ती झाडात जिथे लिहिली तिथेच राहते, फक्त रंगवताना ब्राउझर तिला सगळ्यांच्या वर एका वेगळ्या थरात रंगवतो. त्याला टॉप लेअर म्हणतात. बाहेरच्या डब्याचं ओव्हरफ्लो तिला कापत नाही, ट्रान्सफॉर्म तिला अडकवत नाही, कुठल्याही मजल्याचा झेड-इंडेक्स तिच्या वर जात नाही. आणि घर न सोडल्यामुळे घरचा वारसा शाबूत. लँग मराठीच, फाँट तोच, ओळींतलं अंतर तेच, ल सुद्धा मराठीच.

शिवाय डायलॉग मोडल म्हणून उघडला की फोकस आपोआप आत जातो. मागचं सगळं पान निष्क्रिय होतं, टॅबनं चुकून तिकडे जाता येत नाही, स्क्रीन रीडरही तिकडे भटकत नाही. एस्केप दाबलं की बंद. बंद झाला की फोकस पूर्वी होता त्या बटणावर परत. २०१९ मध्ये हे सगळं आम्हाला हातानं लिहायचं होतं आणि मी ते "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू" म्हणून सोडलं होतं. पुढचा स्प्रिंट म्हणजे काय असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

अर्थात रूळ पडले म्हणजे घाट सपाट झाला असं नाही. बँकर आजही लागतातच. तसे इथेही काही चढ शिल्लक आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही.

एक, क्लिक वर चढण्याचा प्रकार डायलॉगमध्येही तसाच राहतो, किंबहुना आता तर तो खरोखरच ओळीच्या आत आहे. याला माझा उपाय असा की खिडकी ओळीच्या आत लिहूच नये. सगळ्या यादीसाठी एकच खिडकी, यादीच्या बाहेर, आणि तिला सांगायचं की सध्या कुठल्या ओळीबद्दल बोलणं चालू आहे. शंभर ओळींना शंभर खिडक्या कशाला? गावात एक दवंडीवाला पुरतो.

दोन, मोडल डायलॉगच्या बाहेर क्लिक करून तो बंद व्हावा असं वाटत असेल तर ते वेगळं सांगावं लागतं, आणि मागच्या पानाचं स्क्रोलिंगही आपलं आपण थांबवावं लागतं. पॉपओव्हर मात्र बाहेर क्लिक केलं की मुकाट मिटतो.

तीन, अर्धं जुनं आणि अर्धं नवं असं ठेवलंत तर फजिती होते. समजा "जतन झालं" असं सांगणारी कोपऱ्यातली पट्टी जुन्या पद्धतीनं पोर्टलमधून पानाच्या शेवटी टाकली आहे आणि वर नवा मोडल डायलॉग उघडा आहे. पट्टी डायलॉगच्या खाली जाणार, २१४७४८३६४७ चा झेड-इंडेक्स देऊनही! वर ती निष्क्रिय पानाचा भाग असल्यामुळे तिच्यावरचं "पूर्ववत करा" दाबताही येणार नाही. बदलायचं तर सगळं मिळून बदला.

चार, मेनू नेमका बटणाखालीच उघडायचा तर जागेचं गणित अजून करावं लागतं. सीएसएसची अँकर पोझिशनिंग क्रोममध्ये २०२४ साली आणि सफारीत २०२५ साली आली. तुमचे वापरणारे किती जुन्या फोनवर आहेत ते पाहून ठरवा. कर्जतच्या पुढच्या लोकलमध्ये लोकांच्या हातातले फोन मी पाहिले, सगळे यंदाचे नव्हते.

मग पोर्टल मोडीत काढायचं का? अजिबात नाही. खोपोली लोकल बंद झाली का? खोपोलीला जायचं असेल तर आजही तीच बरी. एखादी वस्तू खरोखरच दुसऱ्या जागची असेल तर पोर्टलच हवं. उदाहरणार्थ, पानाचा मजकूर मधल्या भागात, पण त्या पानाची 'जतन करा', 'छापा' ही बटणं वरच्या पट्टीत दिसायला हवीत. पट्टी सगळ्या ॲप्लिकेशनची, बटणं या पानाची. इथे वस्तू तरंगत नाही, लेआउटमध्येच दुसऱ्या ठिकाणी राहते, आणि टॅबनं चालणाऱ्यालाही ती वरच सापडायला हवी. हे पोर्टलचं हक्काचं काम. तसंच नकाशाच्या लायब्ररीनं स्वतः तयार केलेल्या फुग्यात आपला मजकूर भरणं, किंवा दुसऱ्याच खिडकीत काही रंगवणं. एवढंच लक्षात ठेवा की रिॲक्टचं पोर्टल सर्व्हरवर रंगवलं जात नाही. पान आधी पट्टीत रिकामी जागा घेऊन येतं आणि बटणं मागून टपकतात. म्हणून पट्टीत त्यांच्यापुरती उंची आधीच राखून ठेवा, नाहीतर सगळं पान उडी मारतं.

थोडक्यात माझा नियम आता असा आहे. वस्तू फक्त वर दिसायला हवी असेल तर तिला घर सोडायला लावू नका, डायलॉग किंवा पॉपओव्हर वापरा. वस्तू दुसरीकडे राहायला जात असेल तरच पोर्टल. आणि जाताना तिच्यासोबत तिची भाषा, तिचे कपडे, तिच्यापर्यंत पोचायची वाट हे सगळं बांधून द्या. ती आपोआप घेऊन जात नाही.

आणि काम झालं की एक चाचणी करा. पाच मिनिटं लागतात. माऊस उचलून ड्रॉवरमध्ये ठेवा. फक्त टॅब, एंटर आणि एस्केपवर खिडकीपर्यंत जा, तिच्यातून बाहेर या, आणि बाहेर आल्यावर तुम्ही जिथून निघालात तिथेच आहात का ते बघा. मग एनव्हीडीए फुकट मिळतो तो बसवा, मॉनिटर बंद करा आणि तेच पुन्हा करा. मॉनिटर बंद केल्यावर पहिल्यांदा मला माझ्याच फॉर्ममध्ये 'सादर करा' सापडेना. त्या मुलाला आमच्यासारख्यांच्या कृपेनं रोज किती फॉर्ममध्ये असं चाचपडावं लागत असेल, हा विचार त्यानंतर डोक्यातून जात नाही.

लोकल आली. आईनं शेजारच्या बाईंचा निरोप घेतला, तोवर दोघींनी फोन नंबरही घेतले होते. गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "एवढा वेळ कुठे हरवला होतास? तीनदा हाक मारली." म्हटलं, ऑफिसात होतो. "बसला होतास पळसदरीला आणि होतास ऑफिसात," ती म्हणाली. पोर्टलची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलेली नाही.

सोमवारी त्या चौदा जागा आम्ही दोघं मिळून पाहिल्या. अकरा ठिकाणचं पोर्टल काढलं, तीन ठेवली. माझी ती जुनी स्लाइडही टीमच्या फोल्डरमधून काढून टाकली. त्यानं विचारलं, "मग आता नवीन स्लाइडवर काय लिहायचं?" मी म्हटलं, दोनच शब्द लिही.

कुठली खिडकी?

असो. तूर्तास इतकंच. पुढच्या शनिवारी भेटूच.